हेडफोनची डावी बाजू

छापखान्यातले सोबती त्यांना भोंगा म्हणत. उभं आयुष्य वर्तमानपत्राच्या मोठ्या मशीनवर गेलेलं, त्यामुळे शेजारच्या माणसाशी बोलतानासुद्धा तो गल्लीच्या टोकाला उभा आहे असं धरूनच ते बोलत. जेवताना मीठ मागितलं तर वरच्या मजल्यावरच्यांनी मिठाची बरणी घेऊन खाली यावं, असा तो आवाज.

आणि त्यांना बायको मिळाली ती शाळेत गाणं शिकवणारी. तिला सगळे बाईच म्हणायचे. विद्यार्थी म्हणायचे, शेजारी म्हणायचे, आणि चेष्टेत सुरुवात करून नंतर सवयीनं नवराही म्हणायला लागला. बाईंचा कान भारी तिखट. वर्गभर पोरं एकसुरात गात असली तरी त्यातलं कोण अर्धा सूर खाली घसरलंय, ते त्या डोळे मिटून सांगत आणि नेमकं त्याच पोराकडे बोट दाखवत. शाळेत त्यांचा दरारा होता. कौतुक त्या तोलूनमापून करायच्या. "बरं होतं" म्हणाल्या की पोरगं घरी जाऊन आईला सांगायचं.

लग्नानंतर पहिल्या वर्षी कधीतरी भोंगाराव आंघोळ करताना मोकळ्या गळ्यानं गायला लागले होते. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "कसं वाटलं?" बाई म्हणाल्या, "पाणी छान सुरात पडत होतं." ते खळखळून हसले. छापखान्यात जाऊन ही गोष्ट त्यांनी दहाजणांना सांगितली. त्यानंतर घरात गायचे बंद झाले. पण बाईंच्या प्रत्येक कार्यक्रमाला पेटी उचलून नेणं, सगळ्यात मागच्या रांगेत बसणं आणि शेवटी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवणं हे त्यांनी कधी चुकवलं नाही.

निवृत्त झाल्यावर माणसाला दिवस मोठा होतो. लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर मागच्या खोलीत पडून होता. त्यावर पत्ते खेळता खेळता भोंगारावांना एक दिवस शोध लागला, की जुन्या गाण्यांचे नुसत्या वाद्यांचे ट्रॅक मिळतात. गाणाऱ्याची जागा रिकामी, बाकी सगळा वाद्यमेळ हजर. आपण हेडफोन लावायचा, कानात वाद्यं ऐकायची, समोरच्या माइकमध्ये गायचं, आणि मग कॉम्प्युटर दोन्ही एकत्र करून देतो. त्यांना काय हर्ष झाला. म्हणाले, "बाई, अख्खा वाद्यवृंद माझी वाट बघत बसलाय."

"बसू दे बिचारा," बाई म्हणाल्या.

पण माणूस मशीनवरचा. हातात काम घेतलं की तडीस न्यायचं. माइक आणला. टेबलावरच्या मोडक्या दिव्याची मान काढून तिला तो बांधला. 'प' आणि 'फ' म्हणताना माइकवर फुंकर बसते, म्हणून बाईंची भरतकामाची रिंग न विचारता घेतली आणि तिच्यावर जुना पातळ मोजा ताणून ती माइकपुढे लावली. कपडे वाळत घालायच्या दोन घोड्या उभ्या करून त्यांच्यावर रजया टाकल्या, म्हणजे आवाज भिंतींवर आपटू नये. त्या रजयांच्या आत खुर्ची, खुर्चीत भोंगाराव. उन्हाळ्यात बाहेर येत तेव्हा अंगावरून पाणी निथळत असे, पण चेहरा असा की जणू कुठलं बक्षीस मिळालंय.

आता यातली अडचण अशी, की वाद्यं वाजायची ती त्यांच्या कानात. घराला ऐकू यायचा तो नुसता त्यांचा गळा. स्वयंपाकघरात बाई भाजी चिरत असायच्या आणि मागच्या खोलीतून अचानक, ना आगा ना पीछा, एक ओळ यायची. मग बराच वेळ शांतता, कारण आत व्हायोलिनं वाजत असायची. मग मध्येच दुसरी ओळ, अर्ध्यावर तुटलेली. मग तीच ओळ पुन्हा. पुन्हा. बाईंचा कान असा, की बेसूर ऐकला तर त्यांच्या दातांत खडा लागल्यासारखं व्हायचं.

"बाई, ये ना, वाद्यांबरोबर ऐकून बघ," ते हाक मारायचे.

"इथून ऐकलं तेवढं पुरे झालं," त्या म्हणायच्या.

त्यांना खरा ध्यास होता तो युगुलगीतांचा. तसल्या गाण्यांचे बरेच ट्रॅक त्यांनी जमवले होते. पुरुषाच्या ओळी ते गाऊन ठेवत आणि बाईच्या ओळी रिकाम्या सोडत. "तुझी जागा ठेवलीय," म्हणायचे. "एकदा येऊन गाऊन जा. पाच मिनिटांचं काम."

"आधी तुम्ही सुरात या, मग मी खोलीत येते."

हे त्या चेष्टेत म्हणायच्या, आणि ते चेष्टेतच घ्यायचे. निदान बाईंना तसं वाटायचं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा रजयांत शिरायचे आणि तीच ओळ आणखी घोटायचे.

एका दुपारी बाईंच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी चहाला आल्या होत्या, चित्रकलेच्या बाई आणि ग्रंथालयाच्या बाई. तिघी निवृत्त झालेल्या, त्यामुळे मुख्याध्यापकांना नावं ठेवायला आता कसलीच आडकाठी नव्हती. गप्पा रंगात आल्या होत्या. मागच्या खोलीतून अधूनमधून एखादी ओळ येत होती आणि चित्रकलेच्या बाई भुवया उंचावून बाईंकडे बघत होत्या.

तेवढ्यात भोंगाराव गळ्यात हेडफोन घेऊन बाहेर आले. चेहरा गोंधळलेला. डाव्या बाजूचा कप बोटानं टकटक वाजवत म्हणाले, "अगं, याची डावी बाजू गेलीय वाटतं. काहीच ऐकू येत नाहीये. म्हणून सूर सापडत नव्हता बघ सकाळपासून."

बाईंच्या तोंडून पटकन गेलं, "नाचता येईना, अंगण वाकडं."

तिघी हसल्या. ग्रंथालयाच्या बाईंना तर चहाचा ठसका लागला. भोंगारावही हसले. "खरंय, खरंय," म्हणाले, मैत्रिणींना "बसा, बसा" म्हणाले, आणि हेडफोन हातात घेऊन आत गेले. त्या दिवशी मग खोलीतून गाणं आलं नाही. मैत्रिणी गेल्यावर बाईंनी कपबशा विसळल्या आणि ती गोष्ट विसरून गेल्या.

पुढचे काही आठवडे घरात काहीतरी बिनसलं. बाई स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, उत्तर नाही. कोचावर बसलेल्या नवऱ्याला जाता जाता काही सांगायच्या, ते मान वळवायचे नाहीत. चारदा म्हटल्यावर दचकून, "काय गं?" एरवी जेवताना सगळ्या गावाच्या बातम्या सांगणारा माणूस खाली मान घालून जेवायला लागला. एकदा उंबऱ्याशी तोल जाऊन दार धरून उभे राहिले. बाईंनी विचारलं, तर "काही नाही, पाय अडकला" म्हणाले.

बाईंनी मनाशी हिशेब मांडला: रुसलेत. मैत्रिणींसमोर आपण बोललो ते लागलं असणार. आता एवढ्याशा गोष्टीवरून या वयात रुसायचं, तर रुसा. आपण का आधी बोलायचं? त्यांनीही अबोला धरला. दोघांच्या अबोल्यात फरक एवढाच, की बाई ठरवून गप्प होत्या आणि नवऱ्याला नीट ऐकू येत नव्हतं.

गाणं मात्र सुरू होतं, पण ते आता ऐकवेना. आवाज आणखी चढलेला, आणि सूर असा घसरत चाललेला की बाई खिडकी लावून घ्यायच्या. "येऊन ऐक" ही हाक येईनाशी झाली होती. त्याचं बाईंना बरंच वाटलं होतं.

मग लेक चार दिवसांसाठी आली. जेवायला ती बापाच्या डाव्या हाताला बसली. आपल्या ऑफिसातली काहीतरी गंमत सांगत होती आणि बाप समोरच्या वाटीकडे बघत शांतपणे जेवत होता. लेक थांबली. तिनं त्यांच्या डाव्या कानाशी चुटकी वाजवली. काही नाही. मग उठून दुसऱ्या बाजूला गेली आणि तिथे वाजवली. त्यांनी वर बघितलं.

"आई," लेक म्हणाली, "बाबांना या कानानं ऐकू येत नाहीये. तुझ्या लक्षात नाही आलं?"

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. ज्यांच्या कानाची गावभर कीर्ती, त्यांना लेक हे विचारत होती.

दुसऱ्याच दिवशी तिघं कानाच्या डॉक्टरांकडे गेली. तरुण डॉक्टर होती, शांत बोलणारी. तिनं यंत्रावर तपासणी केली, आलेख काढला. उजवा कान मशीनच्या आवाजानं वर्षानुवर्षं झिजलेला होता, तो तर अपेक्षितच. छापखान्यात कानात घालायला बोळे द्यायचे, पण भोंगारावांनी ते कधी वापरले नाहीत. मशीनचा आवाज बदलला की कागद अडकणार हे आधी कळतं, बोळे घातले तर ते कसं कळणार, असं ते म्हणायचे. डावा कान मात्र झिजून गेला नव्हता. तो अचानक गेला होता.

"असं कधीकधी होतं," डॉक्टर म्हणाली. "कारण सापडतंच असं नाही. पहिल्यांदा केव्हा जाणवलं तुम्हाला?"

"हेडफोन बिघडला असं वाटलं होतं," भोंगाराव म्हणाले. "एक बाजू बंद पडली म्हणून."

"केव्हा?"

त्यांनी अंदाजे सांगितलं. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "पहिल्या काही दिवसांत आला असतात तर औषधं देऊन बघता आलं असतं. बऱ्याच जणांना त्यानं फरक पडतो. सगळ्यांना नाही. तुम्हाला पडलाच असता असं मी म्हणणार नाही. पण आता फार उशीर झालाय. तरी आपण प्रयत्न करू."

बाई भिंतीवरचं कानाचं मोठं रंगीत चित्र बघत बसल्या. त्यांना तो चहा आठवला, तो ठसका आठवला, आणि अंगण.

परतताना लेक गाडी चालवत होती. बाई मागच्या सीटवर नवऱ्याच्या उजव्या बाजूला बसल्या होत्या. मुद्दाम. पहिल्यांदाच. बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही तो हेडफोन उलटा करून बघितला नव्हतात का?"

"बघितला ना. त्याच दिवशी. आत गेल्या गेल्या."

"मग?"

"डावी बाजू उजव्या कानाला लावली. झकास वाजत होती." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "तेव्हाच कळलं, हेडफोन ठीक आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या मैत्रिणी बसल्या होत्या."

"त्या गेल्यावर?"

बाईंना दुखवायचं नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि खोटं बोलायची सवय नव्हती. "मग राहून गेलं," ते म्हणाले. "म्हटलं, तू म्हणशील, आता कान वाकडा."

लेकीनं आरशातून आईकडे बघितलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली.

औषधं झाली. डाव्या कानाला काही गुण आला नाही. उजव्या कानाला यंत्र बसलं. त्यानं बोलणं बऱ्यापैकी कळायला लागलं, पण गाणं हातचं गेलं. पेटी लावली तर त्यांना ती पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखी ऐकू यायची. एका सकाळी त्यांनी रजया काढून उन्हात टाकल्या, घोड्या मिटून गॅलरीत ठेवल्या, रिंगेवरचा मोजा काढून ती बाईंच्या भरतकामाच्या डब्यात परत नेऊन ठेवली. कुरकुर नाही, सुस्कारा नाही. छापखान्यात पाळी संपल्यावर मशीन पुसून ठेवायचे, तसंच.

बाईंना वाटायचं, त्यांनी एकदा तरी टाकून बोलावं. ओरडायला हवं होतं, भोंगा होते ना! पण ते पूर्वीसारखेच वागत राहिले, आणि बाईंना रात्रंदिवस तो चांगुलपणा टोचत राहिला.

एका दुपारी ते बाहेर फिरायला गेले असताना बाई मागच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरपुढे बसल्या. गाणी सापडायला वेळ लागला नाही, सगळी नीट नावं घालून ठेवलेली होती. त्यांनी पहिलंच गाणं लावलं.

आधी वाद्यं आली. मग त्यांच्या नवऱ्याचा आवाज आला.

बाई थिजून बसल्या. हा तो आवाज नव्हताच. म्हणजे होता तोच, भिंतीतून तुकड्यातुकड्यांनी यायचा तो, पण इथे त्याच्या खाली जमीन होती. बाहेर ज्या शांतता बाईंना विचित्र वाटायच्या, त्या इथे व्हायोलिनांनी भरलेल्या होत्या आणि तो आवाज त्यांच्यामागून बरोबर ठोक्यावर यायचा. लय तर अशी पक्की, की मोठमोठ्या गवयांनी मान डोलवावी. सूर कुठे कुठे खाली होता. पण एखाद्या विद्यार्थ्यानं असं गायलं असतं तर बाई "बरं होतं" म्हणाल्या असत्या, आणि घरी जाताना मनात तो आवाज घोळवत गेल्या असत्या.

त्या ऐकत राहिल्या. युगुलगीतांत त्यांच्या ओळी आल्या की वाद्यं एकटीच चालायची, आणि मागे नवऱ्याचा हलका श्वास ऐकू यायचा. तो थांबलेला असायचा. शेवटच्या शेवटच्या गाण्यांत सूर घसरायला लागलेला, आवाज मोठा झालेला. कुठून बिघडायला लागलं ते बाईंच्या कानाला स्वच्छ कळलं. एकदा खोलीत येऊन ऐकलं असतं तरी कळलं असतं.

भोंगाराव परत आले तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. "मला गायचंय," त्या म्हणाल्या. "त्या गाण्यांत. माझी जागा ठेवलीय म्हणत होतात ना?"

"आता कशाला?" ते साधेपणानं म्हणाले. "मला काय कळणार त्यातलं?"

"मला कळेल."

ते गॅलरीतून घोड्या आणायला गेले.

रजयांच्या आत बाईंनी हेडफोन लावला. बाहेर ते कॉम्प्युटरवर बसले. आवाज ऐकू आला नाही तरी पडद्यावरच्या रेघा बघून त्यांना कळत होतं. "जरा मागे सरक," म्हणायचे. "रेघ लाल होतेय." बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांना गायला लावलं होतं, स्वतःसाठी शेवटचं कधी गायल्या ते आठवत नव्हतं. पहिल्या ओळीला श्वास पुरला नाही. दुसरीत वरचा सूर लागता लागता फाटला. बाईंनी हेडफोन काढला आणि त्यांच्या सांगण्यावरून भोंगारावांनी ते रेकॉर्डिंग वाद्यांशिवाय, नुसता गळा, लावलं. स्पीकरमधून एक म्हातारी, कोरडी, चाचपडणारी बाई गायला लागली. बाईंनी दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाल्या, "बंद करा."

"काय झालं?"

"नुसतं असं ऐकलं की कुणाचंही वाईटच लागतं," बाई त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाल्या. "मला हे माहीत असायला हवं होतं."

त्यांनी मान हलवली. ऐकू आलं की नाही कोण जाणे.

त्या गाण्याला दुपारमागून दुपार लागली. निवडलं होतं ते शेवटच्यांपैकी, ज्यात त्यांचा सूर वाद्यांच्या खाली गेलेला होता. बाईंपुढे पेच पडला. वाद्यांच्या सुरात गावं तर नवरा एकटा पडतो. शेवटी त्यांनी जन्मात न केलेली गोष्ट केली. वाद्यांकडे दुर्लक्ष करून नवऱ्याचा सूर धरला आणि त्याच्याबरोबर खाली उतरून गायल्या. कठीण गेलं. सरळ चालणाऱ्यानं लंगडणाऱ्याचा हात धरून त्याच्या पावलानं चालावं, तसं.

झालं, जोडलं. भोंगारावांनी यंत्र काढून हेडफोन उजव्या कानाला घट्ट धरला आणि डोळे बारीक करून संपूर्ण गाणं ऐकलं. बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. शाळेतलं पोर त्यांच्याकडे बघायचं, तशा.

"ठेका कळतो," हेडफोन उतरवून, यंत्र परत बसवून ते म्हणाले. "बाकी सगळा गलबला. तुझं कुठलं आणि माझं कुठलं, ते उमगत नाही." मग जरा भीत भीत विचारलं, "सुरात आहे का?"

"आहे," बाई म्हणाल्या.

"खरं सांग."

"दोघं एका सुरात आहोत."

ते समाधानानं हसले. बाईंना हसू आलं नाही.

गाणं लेकीला पाठवलं. दोन दिवसांनी सकाळी तिचा फोन आला. भोंगाराव गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. लेक म्हणाली, "आई, गाडीत सारखं तेच लावतेय. बाबा किती आतून गातात गं. आपल्याला कधी कळलंच नाही. त्यांना सांग ना."

बाई फोन ठेवून गॅलरीत गेल्या, वळसा घालून उजव्या बाजूला उभ्या राहिल्या. "लेक म्हणतेय, तुम्ही छान गाता."

"काय?"

"छान गाता म्हणतेय."

"कोण जातंय?"

खाली रस्त्यावर माणसं होती, समोरच्या गॅलरीत शेजारीण कपडे वाळत घालत होती. बाईंनी आयुष्यात कधी एवढा आवाज चढवला नव्हता. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन त्या ओरडल्या, "तुम्ही छान गाता. मी म्हणतेय. मी."

शेजारणीचा हात दोरीवरच थांबला.

त्यांनी झारी खाली ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही फारसा नव्हता. ऐकलेलं पुन्हा एकदा मनात वाजवून बघावं, तसे ते थोडा वेळ उभे राहिले.

"आता म्हणतेस होय," ते म्हणाले, आणि झारी भरायला आत गेले.

बाई तिथेच कठड्याला धरून उभ्या राहिल्या.